चिलटांची वडी

म्बिटाच्या धक्क्यावर बोट उलटी पडलीय.
चाळीस अश्वशक्तीचं इंजिन ओकेयोनं
चटईवर सुटं करून मांडलंय,
खाटीक मांडतो तसं, भाग-भाग.
"पिस्टन गेला," म्हणाला. "मी नाही गेलो अजून."

मी संस्थेचं पेज चालवते.
म्हणजे रोज सकाळी जगापुढे हात पसरते,
फक्त हात कोणाला दिसत नाही,
अंगठा दिसतो.

बेटावर बाई अडली
तर रात्री नेणारी एवढी एकच बोट.
नवं इंजिन तीन लाख ऐंशी हजार शिलिंगांना.
ट्रेनिंगमधली बाई हेल्सिंकीहून सांगते:
चेहरा हवा. डोळे हवेत.
पहिल्या तीन सेकंदांत
बघणाऱ्याच्या आत काहीतरी तुटायला हवं.

आहे तसा फोटो माझ्याकडे.
मार्चमधला, रात्री दोनचा.
अपोंडी बोटीच्या तळाशी, गुडघे वर,
ओठ दातांखाली,
टॉर्चच्या उजेडात चमकणारं पाणी
सरोवराचं की तिचं, कळत नाही.
मीच काढला. का, ते विचारू नका.
एक हात रिकामा होता, एवढंच सांगता येईल.

तीन रात्री अंगठा त्याच्यावर घिरट्या घालत राहिला.
चौथ्या दिवशी पिस्टनचा फोटो टाकला.
"हा मेला. नवा हवा."
सतरा जणांनी पुढे पाठवला,
एकानं विचारलं, भंगारात किती देणार,
एक म्हणाला, चोर आहात सगळे.

मग चिलटं आली.
सरोवरावरून धुराचा खांब उठावा तशी,
दिव्यावर, भातात, कानात.
मी लाइव्ह होते, स्क्रीन काळी झाली,
आणि ओकेयोची मावशी ओली परात फिरवत
चिलटं गोळा करू लागली,
मुठीत दाबून वड्या थापू लागली,
फोनकडे बघून म्हणाली,
"एकीनं दाढसुद्धा भिजत नाही, पोरांनो.
पण परातभर झाली की जेवण होतं."

ऐंशी हजार लोकांनी ते पाहिलं.
बदामांचे थवेच्या थवे उडाले,
ब्राझीलहून कोणी पाककृती विचारली.
पैसे आले दोन हजार एकशे चाळीस.

मावशी, ह्या चिलटांची
वडी होत नाही गं.

पैसे आले ते ओमेना विकणाऱ्या बायकांच्या ग्रुपवरून.
त्यांनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता,
त्यांना बोट माहीत होती.
पन्नास. तीस. पन्नास.
एकीनं वीस पाठवले आणि लिहिलं,
"उरलेले शनिवारी, मासे सुकले की."
फोन रात्रभर उशाखाली थरथरत होता.

रविवारी अपोंडी आली, काखेत पोर.
"तुझ्याकडे फोटो आहे म्हणे माझा."
मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.
"दाखव."
दाखवला.
तिनं बोटांनी मोठा केला,
स्वतःचाच ओठ नीट पाहिला,
पाहुण्याचं सामान बघावं तसा.
"हा टाकू नको. ह्यात पोरगी नाहीये."
मी खोडायला गेले, तर मनगट धरलं.
"खोडतेस काय? माझा आहे. मला पाठव."

मग ती उलट्या बोटीवर चढून बसली.
पोरीच्या हातात ओकेयोचा पाना,
हिरड्यांना ग्रीस लागलेलं,
अपोंडीचं पाऊल निम्मं कापलं गेलेलं,
उजेड वाईट.
"आता काढ," म्हणाली. "आणि लिही,
ही त्या रात्री पोचली.
पुढची पोचेल की नाही, ते तुम्ही बघा."

अजून एक लाख दहा हजार कमी आहेत.
बोट सरळ झालीय, डांबराचा वास येतोय,
बेटावरून निरोप आलाय, कोणाच्या तरी कळा सुरू झाल्या.
ओकेयो आणि त्याचा भाचा वल्ही घेऊन निघालेत.
मी धक्क्यावर टॉर्च धरून उभी आहे.
दुसऱ्या हातात फोन.
फोन थरथरला.

तीस.